अपुऱ्या दिवसांचीं जुळीं

बाळंतपणाचा हिशेब मराठी घरांतून ‘नऊ महिने नऊ दिवस’ एवढ्याच शब्दांत केला जातो, आणि तो वाटतो तितका ढोबळ नाहीं. तीस दिवसांचा महिना धरला तर हे २७९ दिवस होतात. प्रसूतिशास्त्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजतें. एका दिवसाचीच काय ती तफावत. परंतु हा हिशेब एकट्या मुलाचा आहे. पोटांत दोन मुलें असलीं कीं तो लागू पडत नाहीं, आणि ही गोष्ट ज्या घरांत वेळेवर कळत नाहीं त्या घरावर पुढें जे प्रसंग येतात त्यांतील पुष्कळसे टाळतां येण्यासारखे असतात.

नाशिक शहरांतील एखाद्या सुशिक्षित घरीं हा प्रसंग कसा येतो तें पाहण्यासारखें आहे. तिसऱ्या महिन्यांत सोनोग्राफी होते, पडद्यावर दोन हृदयें धडधडतांना दिसतात, आणि पेढे वाटले जातात. सीतागुंफा ज्या पंचवटींत आहे तेथील आजीला लवकुशांची आठवण होणें साहजिकच आहे. मग ठरलेलीं कामें ठरलेल्या क्रमानें मांडलीं जातात: सातव्या महिन्यांत डोहाळजेवण, तें उरकलें कीं पहिलटकरणीनें माहेरीं जाणें, आणि नववा लागला कीं इस्पितळाची पिशवी भरून दाराशीं ठेवणें. या क्रमांत चूक कांहींच नाहीं; तो फक्त एकट्या मुलासाठीं बेतलेला आहे. जुळ्यांच्या आईला कळा लागतात त्या पुष्कळदां डोहाळजेवणानंतर थोड्याच आठवड्यांत, आणि पिशवी त्या वेळीं रिकामीच असते.

सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वीं जन्मलेल्या मुलास अपुऱ्या दिवसांचें मूल म्हणतात. अशीं मुलें २०२० सालीं जगांत सुमारे १ कोटी ३४ लक्ष जन्मलीं असा अंदाज आहे, व त्यांपैकीं सुमारे ३० लक्ष एकट्या भारतांत. एका मुलाच्या खेपेस दहा-बारांत एखादें मूल असें लवकर येतें. जुळ्यांत मात्र निम्म्याहून अधिक मुलें सदतीस आठवड्यांच्या आंतच जन्म घेतात. जुळ्यांचा सरासरी मुक्काम पस्तीस आठवड्यांचा, तिळ्यांचा बत्तिसांच्या आसपासचा. म्हणजे जुळीं लवकर येणें हा अपवाद नसून तोच नेहमींचा प्रकार होय. निसर्गतः जुळीं ऐंशी ते शंभर बाळंतपणांत एकदां होतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत ६ ऑगस्ट १९८६ रोजीं डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नानें प्रयोगशाळेंत गर्भधारणा झालेलें मूल जन्मास आलें. त्यानंतर ही चिकित्सा शहरोशहरीं पोहोंचली, आणि एकाहून अधिक गर्भ एकाच वेळीं ठेवले गेले कीं जुळ्यांचा संभव वाढतो हेंही तिच्याबरोबर आलें.

जुळ्यांना घाई कां होते? गर्भाशय हा स्नायूंचा पिंड आहे. एका मर्यादेपलीकडे ताणला गेला कीं तो आकुंचन पावूं लागतो. दोन मुलें, दोन वारा आणि दोघांच्या भोंवतालचें पाणी यांचा भार सातव्या-आठव्या महिन्यांतच एकट्या मुलाच्या नवव्या महिन्याइतका होतो. त्या भारानें गर्भाशयाचें मुख आंखूड होत जातें, मृदु होतें आणि उघडूं लागतें. हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग डॉक्टरांच्या निर्णयाचा: जुळ्यांच्या आईस रक्तदाब वाढण्याचा, पंडुरोगाचा व मधुमेहाचा त्रास एरवींपेक्षां अधिक होतो, आणि कधीं आईच्या तर कधीं एखाद्या मुलाच्या जिवासाठीं बाळंतपण मुद्दाम लवकर उरकावें लागतें. ‘डॉक्टरांनीं उगाच घाई केली’ असें अशा वेळीं शेजारीं बोललें जातें. तें नेहमींच खोटें असेल असें नाहीं, पण जुळ्यांच्या बाबतींत फार थोड्या वेळां खरें असतें.

पेढ्यांच्या आधीं एक प्रश्न विचारणें इष्ट आहे आणि तो बहुतेक घरांतून विचारला जात नाहीं: दोघांना वार एक आहे कीं दोन? मुलगा कीं मुलगी हें विचारण्यास कायद्यानें बंदी आहे. हा प्रश्न मात्र विचारावाच. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांतील सोनोग्राफींत याचें उत्तर स्पष्ट मिळतें, पुढें तें अवघड होत जातें. दोन मुलांना दोन वारा असल्या तर प्रत्येकाचें रक्त वेगळें. एकच वार दोघांत असली तर तिच्यांतील रक्तवाहिन्या एकमेकींस मिळालेल्या असतात, आणि अशा शंभर जोड्यांत दहा ते पंधरा वेळां एकाचें रक्त दुसऱ्याकडे वाहूं लागतें. देणारें मूल सुकत जातें व त्याच्याभोंवतींचें पाणी आटतें. घेणाऱ्याच्या हृदयावर भार पडतो व त्याच्याभोंवतीं पाणी सांचतें. यासाठीं सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनीं तपासणी लागते. आईचें पोट चार दिवसांत भराभर वाढलें तर ‘जुळीं आहेत, वाढायचेंच’ असें म्हणून घरीं बसण्याऐवजीं त्याच दिवशीं दाखविलें पाहिजे. सारें सुरळीत असलें तरी दोन वारांच्या जुळ्यांचें बाळंतपण सदतीस आठवड्यांनंतर, व एका वारेच्या जुळ्यांचें छत्तीस आठवड्यांनंतर करावें असाच आजचा प्रघात आहे. नऊ महिने नऊ दिवस भरण्याची वाट तेथें पाहावयाचीच नसते.

आतां एका जुन्या समजुतीकडे वळणें भाग आहे. सातव्या महिन्यांतलें मूल जगतें, आठव्यांतलें जगत नाहीं, असें आजही अनेक शिकल्यासवरल्या घरांतून ऐकूं येतें. ही समजूत केवळ आपली नाहीं. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही ती जशीच्या तशी आढळते. दोन दूरच्या देशांत एकच चूक कशी रुजली याचें कारण बहुधा असें कीं, सातमाशी मूल जगलें तर त्याची गोष्ट गांवभर होते, आणि न जगलेल्यांची कोणी मोजदाद ठेवीत नाहीं. शिवाय लग्नाची तिथि आणि जन्माची तिथि यांचा मेळ घालतांना गुटगुटीत बाळासही ‘सातमाशी’ हा शब्द कित्येकदां कामास आला असेल! खरी गोष्ट सरळ आहे. पोटांत काढलेला प्रत्येक अधिक आठवडा मुलाच्या जगण्याची शक्यता वाढवितो. अठ्ठावीसपेक्षां तीस बरे, तिसांपेक्षां बत्तीस, आणि बत्तिसांपेक्षां चौतीस. समजुतीचा अपाय असा कीं, सातव्यांत कळा लागल्या तर ‘जगेल कीं’ म्हणून घरचीं मंडळी स्वस्थ बसतात, आणि आठव्यांत लागल्या तर ‘आतां काय उपयोग’ म्हणून धांवपळ अर्ध्यावर सोडतात.

अपुऱ्या दिवसांच्या मुलाचें पहिलें दुखणें फुप्फुसाचें. श्वास घेतांना फुप्फुसांतील सूक्ष्म कोश उघडतात आणि सोडतांना पूर्ण मिटूं नयेत यासाठीं त्यांच्या आंतून एका स्निग्ध द्रव्याचा पातळ लेप असावा लागतो. हा लेप चौतीस-पस्तीस आठवड्यांच्या सुमारास पुरेसा तयार होतो. तो नसला तर प्रत्येक श्वासागणिक चिकटलेले कोश नव्यानें उघडावे लागतात, आणि मूल कण्हत कण्हत थकून जातें. १९५९ सालीं अमेरिकेंत डॉ. मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनीं हा उणेपणा प्रथम दाखवून दिला. परंतु कारण कळणें निराळें व उपाय हातीं असणें निराळें. ७ ऑगस्ट १९६३ रोजीं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या घरीं साडेपांच आठवडे अगोदर मुलगा झाला. वजन दोन किलोहून थोडें अधिक होतें. जगांतील सर्वांत बलाढ्य देशाची सारी वैद्यकविद्या उशाशीं असूनही तो दोन दिवसांच्या आंतच गेला. तेवढ्याच दिवसांचें, तेवढ्याच वजनाचें मूल आज साध्या जिल्ह्याच्या गांवींही बहुधा वांचतें. हा फरक कशानें पडला तें समजून घेण्याजोगें आहे, कारण त्यांतील एक मोठा वांटा घरच्या माणसांच्या पायांच्या वेगावर अवलंबून आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, जुळ्यांच्या लवकर येणाऱ्या कळा हमखास थोपविण्याचा उपाय अद्याप कोणालाही सांपडलेला नाहीं. सर्वांत जुना उपाय अंथरुणाचा: जुळीं आहेत ना, मग महिनेच्या महिने पडून राहा. झिंबाब्वेंतील हरारे येथें १९८० च्या दशकांत जुळ्यांच्या मातांना इस्पितळांत झोपवून ठेवून पाहिलें; त्यामुळें लवकर होणारीं बाळंतपणें कमी झालीं नाहींत. दुपारीं आडवें होणें, जड उचलणें टाळणें, उभ्यानें तासनतास स्वयंपाक न करणें हें सारें ठीकच आहे. पण सक्तीच्या अंथरुणानें आईचे स्नायू क्षीण होतात, पायांत रक्ताच्या गांठी होण्याचें भय वाढतें, आणि घराला मात्र आपण कांहीं तरी करीत आहोंत असें खोटें समाधान मिळतें.

दुसरा उपाय टांक्याचा, आणि त्याच्याशीं आपल्या भागाचें नांव जगभर जोडलें गेलें आहे. गोव्यांतील शिरोडें येथें १८९९ सालीं जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. कित्येक स्त्रियांचा गर्भ दर खेपेस चौथ्या ते सातव्या महिन्यांत, फारशा कळा न येतांच गळून पडतो, हें त्यांनीं पाहिलें. कारण गर्भाशयाच्या मुखाच्या दुबळेपणांत आहे असें ठरवून त्यांनीं त्या मुखाभोंवतीं, रुग्णेच्याच मांडींतील चिवट पटलाची पट्टी काढून, बटव्याच्या दोरीसारखा टांका घातला. १९५५ सालीं ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली व ‘शिरोडकर टांका’ या नांवानें देशोदेशींच्या पाठ्यपुस्तकांत गेली. या टांक्यानें असंख्य घरांत पाळणे हलले. परंतु पेंच असा कीं, जुळ्यांच्या बाबतींत, केवळ जुळीं आहेत म्हणून घातलेला टांका उपयोगीं पडत नाहीं. उलट कांहीं पाहण्यांत त्यापासून अपायच दिसला. मुख दुबळें असणें हें एक दुखणें, आणि सशक्त मुखावर दुहेरी भार येणें हें दुसरें. आईचें मुख वेळेपूर्वीं प्रत्यक्ष उघडूं लागलेलें असेल तर तज्ज्ञ टांक्याचा विचार करतात. मुख आंखूड झालेलें, पंचवीस मिलिमीटरांहून कमी, दिसलें तर प्रोजेस्टेरॉन नांवाचें औषध कांहींजणींस लाभतें. तेव्हां ‘अमकीला टांका घातला, आमच्या सुनेला कां नाहीं?’ हा प्रश्न डॉक्टरांस विचारावा, पण टांक्याचा हट्ट धरूं नये.

तिसरा उपाय कळा थांबविण्याच्या औषधांचा. त्यांनीं कळा दोन-तीन दिवस लांबतात, क्वचितच त्याहून अधिक. दोन दिवसांनीं असें काय साधतें, असें वाटणें स्वाभाविक आहे. पण जुळ्यांच्या साऱ्या कथेंत या अठ्ठेचाळीस तासांइतकें मोलाचें दुसरें कांहीं नाहीं. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें डॉ. ग्रॅहम लिगिन्स हे मेंढ्यांवर प्रयोग करीत असतां, स्टेरॉइड दिलेलें एक कोंकरूं इतक्या लवकर जन्मलें कीं तें जगावयास नको होतें. तरी तें श्वास घेत होतें, आणि त्याचीं फुप्फुसें उघडलेलीं आढळलीं. त्यावरून त्यांनीं व डॉ. रॉस हॉवी यांनीं हेंच औषध लवकर कळा लागलेल्या स्त्रियांना देऊन पाहिलें व १९७२ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आईस टोचलेलें औषध वारेंतून मुलांपर्यंत पोहोंचतें व फुप्फुसांतील तो लेप दिवसा-दोन दिवसांत तयार होऊं लागतो. भारत सरकारनें २०१४ सालीं ठरविलेल्या पद्धतीप्रमाणें चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान कळा लागल्यास डेक्सामेथासोनचीं चार इंजेक्शनें बारा-बारा तासांनीं द्यावयाचीं असतात, आणि खेड्यांतील परिचारिकेनेंही आईस मोठ्या इस्पितळांत धाडण्यापूर्वीं त्यांतील पहिलें द्यावयाचें असतें. औषधाची किंमत अगदीं क्षुल्लक आहे. खर्च होतो तो वेळाचा.

याला एक इशाराही जोडलेला आहे. बेळगांव व नागपूर हीं दोन ठिकाणें जींत होतीं अशी सहा देशांतील एक मोठी पाहणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. हें औषध लहान-मोठ्या सर्व दवाखान्यांतून सरसकट देण्याचा प्रयोग तींत केला होता, आणि निकाल उलटा आला: एकंदर अर्भकमृत्यु कमी न होतां किंचित् वाढले, व मातांना जंतुसंसर्ग अधिक झाला. दिवसांचा नक्की हिशेब नसल्यानें ज्यांना गरज नव्हती अशाही पुष्कळ स्त्रियांस औषध मिळालें होतें. पुढें २०२० सालीं पांच देशांतील दुसरी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्याही भारतांतील कामांत बेळगांवच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा वांटा होता. या खेपेस गर्भाचे आठवडे सोनोग्राफीनें निश्चित केले होते आणि नवजात मुलांची नीट शुश्रूषा होईल अशींच इस्पितळें निवडलीं होतीं. औषध मिळालेल्या मातांचीं शंभरांत सुमारे वीस मुलें महिन्याच्या आंत दगावलीं, न मिळालेल्यांचीं तेवीस-चोवीस. औषध तेंच, फरक हिशेबाचा व जागेचा. म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा कागद हा पुढें जिवाच्या मोलाचा दस्तऐवज ठरतो, व तो कपाटांत न ठेवतां आईच्या पिशवींत असावा.

ही जागेची गोष्ट नाशिक जिल्ह्यांत फार बोचते. २०११ च्या खानेसुमारींत एकसष्ट लक्ष वस्ती असलेल्या या जिल्ह्यांत पंधरा तालुके आहेत. शहरांत मोठीं खासगी इस्पितळें आहेत, जिल्हा रुग्णालय आहे. पण सुरगाणा ऐंशी-नव्वद किलोमीटरांवर, पेठ घाटापलीकडे पन्नासांहून अधिक किलोमीटरांवर. २०१७ च्या सप्टेंबरांत वृत्तपत्रांतून आलेली बातमी पुष्कळांच्या स्मरणांत असेल: जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षांत त्या वर्षीच्या एकट्या ऑगस्टांत ५५ बालकें दगावलीं होतीं. पुष्कळशीं अपुऱ्या दिवसांचीं व दुबळ्या फुप्फुसांचीं होतीं, आणि कित्येक इतर इस्पितळांतून अगदीं शेवटच्या अवस्थेंत पाठविलेलीं होतीं, असें रुग्णालयातर्फे सांगण्यांत आलें. कांचेच्या पेट्या अपुऱ्या पडत व एकेका पेटींत एकाहून अधिक मुलें ठेवावीं लागत, हेंही त्याच बातम्यांतून उघड झालें. दोष किती कोणाचा हा वाद त्या वेळीं झाला आणि तो व्हावयासच हवा होता. पण त्यांतील एक वाक्य घराघरांनीं उचलण्यासारखें होतें: शेवटच्या अवस्थेंत पाठविलेलीं.

जन्मल्यानंतर दीड किलोच्या बाळास गाडींतून घाट उतरून नेणें आणि जन्मण्यापूर्वीं त्याच बाळास आईच्या पोटांतून नेणें, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. उबेची, श्वासाची, अन्नाची सोय असलेलें आईच्या पोटासारखें दुसरें वाहन नाहीं. जुळ्यांना तर हें दुप्पट लागू. एका अपुऱ्या बाळासाठीं एक पेटी व एक परिचारिका मिळविणेंच जेथें कठीण, तेथें रात्रीं दोन वाजतां दोन पेट्या कोठून आणावयाच्या? अशा वेळीं एक बाळ एका इस्पितळांत, दुसरें दुसऱ्यांत व आई तिसऱ्याच ठिकाणीं, असे प्रकार घडतात. बाप तिन्हीकडे फेऱ्या घालीत राहतो. म्हणून नांव नोंदवितांनाच स्पष्ट विचारावें: बत्तिसाव्या आठवड्यांत दोन्ही मुलें आलीं तर या इमारतींत दोघांची सोय आहे काय? नसेल तर आधींच कोठें पाठविणार? खाटा, खोली आणि जेवण यांची चौकशी बारकाईनें करणारीं घरें हा प्रश्न विचारण्यास संकोचतात.

माहेरचा प्रश्न येथेंच सोडवून टाकावा. माहेर नाशकांत असेल तर कांहींच बोलावयास नको. तें सटाण्याकडे किंवा घाटाखालीं एखाद्या लहान गांवीं असेल, तर सातव्या-आठव्या महिन्यांत लेकीनें तेथें जाण्याऐवजीं आईनेंच लेकीकडे येऊन राहावें. रीत मोडली असें कोणास वाटलें तर वाटूं द्यावें. रीत घातली तेव्हां घाटांतली बैलगाडी होती आणि नवजात मुलांचा कक्ष कोठेंच नव्हता.

कळांची खूण जुळ्यांत फसवी असते. पोट सारखें ताणलेलेंच असल्यानें आईला वाटतें हें नेहमींचेंच. तासाभरांत चार-पांच वेळां पोट दगडासारखें कठीण होऊन सैल पडणें, पाळीसारखी ओटीपोटांत व कमरेंत कळ येत राहणें, खालीं भार आल्यासारखें वाटणें, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणें, अथवा चिकट स्राव एकाएकीं वाढणें: यांपैकीं एकही गोष्ट दिसतांच सकाळची वाट पाहूं नये. सुंठीचा काढा, एरंडेल, ‘थोडें पडून पाहा’, हे सारे उपाय त्या अठ्ठेचाळीस तासांतले तास खातात. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धांवते. गरोदर स्त्रीस सरकारी रुग्णालयांत नेणें-आणणें, बाळंतपण व आजारी नवजात मुलाचा उपचार हें २०११ पासून सरकारी योजनेनें विनामूल्य आहे. इस्पितळांत गेल्यावर कळा खोट्या ठरल्या, तर फार तर एक रात्र जागरण घडेल.

मुलें जन्मलीं म्हणजे पहिली गरज उबेची. महाभारतांतील गांधारीच्या घृतकुंभांचा दाखला अशा वेळीं कोणी तरी देतोच. कथा म्हणून तो सुंदर आहे, पुरावा म्हणून नव्हे. पुराव्याची कथा कॅनडांतील आहे. २८ मे १९३४ रोजीं ओंटारिओ प्रांतांत डिऑन नांवाच्या शेतकऱ्याच्या घरीं दोन महिने आधीं पांच मुली एकदम झाल्या. पांचींचें मिळून वजन सुमारे सहा किलो. त्यांना गरम कांबळ्यांत गुंडाळून, टोपलींत घालून, उघड्या भट्टीच्या तोंडाशीं ठेवण्यांत आलें, आणि पांचही जगल्या. (पुढें सरकारनेंच त्या मुलींचें प्रदर्शन मांडलें, तो वेगळा व लाजिरवाणा विषय आहे.) कोलंबियांतील बोगोटा येथें १९७८ सालीं पेट्या अपुऱ्या पडल्या तेव्हां डॉ. एद्गार रेय यांनीं भट्टीऐवजीं आईची छाती वापरली: बाळाचें उघडें अंग आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांमध्यें, वरून कापड बांधून, दिवसाचे जितके तास शक्य तितके. कांगारूच्या पिशवीवरून या रीतीस कांगारू पद्धत म्हणतात. ही गरिबांची तडजोड आहे असा समज पुष्कळ वर्षें होता. २०२१ सालीं दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पांच देशांतील पांच रुग्णालयांनीं तो दूर केला. एक किलोपासून पावणेदोन किलोंच्या आसपासपर्यंतचीं जीं मुलें जन्मतांच अशीं छातीशीं धरलीं, त्यांचे मृत्यु, आधीं पेटींत ठेवून मग छातीशीं दिलेल्यांहून एक चतुर्थांशानें कमी झाले. जुळ्यांत एक आईजवळ व दुसरें बापाजवळ. शर्टाच्या गुंड्या सोडून इस्पितळांत बसावयास बापांना संकोच वाटतो, तो परिचारिका दोन दिवसांत घालवितात. आजीचीही छाती तितकीच उबदार असते.

दुसरी गरज दुधाची. चौतीस आठवड्यांपूर्वींच्या मुलास चोखणें, गिळणें आणि श्वास घेणें यांचा मेळ साधत नाहीं. म्हणून आईचें दूध काढून प्रथम नळीनें, मग वाटी-चमच्यानें देतात. चीक टाकून देणें, बोंडल्यानें गाईचें दूध पाजणें, मध चाटविणें, बाळगुटी उगाळणें हें सारें या मुलांना घातक आहे, कारण त्यांचीं आंतडीं कच्चीं असतात. आईस दूध उतरेपर्यंत दुसऱ्या मातेचें दूध हा नंबर दोनचा उपाय. मुंबईच्या सायन रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी याच कारणासाठीं उघडली. घरीं आल्यावरही बाळंतिणीच्या खोलींत शेगडी व धुरी नको. ज्या फुप्फुसांसाठीं इतका खटाटोप केला त्यांना धुराचा शेक कशाला द्यावयाचा?

राहतां राहिले डोळे. बाराव्या दिवसाचें बारसें पुढें ढकलतां येतें, मुलें पेटींत असतांना तें ढकलावेंच लागतें. पण डोळ्यांची एक तपासणी ढकलतां येत नाहीं. अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या डोळ्यांतील पडद्याच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. बाहेर आल्यावर, विशेषतः प्राणवायु अधिक मिळाला असतां, त्या वेड्यावांकड्या फुटूं लागतात व पडदा ओढून सोडवितात. बाहेरून डोळा निर्मळ दिसतो. मूल पाहत नाहीं हें सहाव्या महिन्यांत लक्षांत येतें आणि तोंवर उपाय उरलेला नसतो. म्हणून दोन किलोहून कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांपूर्वींच्या प्रत्येक मुलाची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आंत पडद्याच्या तज्ज्ञाकडून व्हावी लागते, आणि फारच लहान मुलाची त्याहून आधीं. एका जुळ्याचे डोळे ठीक निघाले म्हणून दुसऱ्यास सोडून देऊं नये. दोघांचें वजन वेगळें असतें, दोघांनीं प्राणवायूवर काढलेले दिवस वेगळे असतात. तपासणी थोड्याच मिनिटांची आहे. पापण्या चिमट्यानें उघड्या धराव्या लागतात, मूल रडतें, आणि आजीला तें पाहवत नाहीं. तिला तेवढा वेळ बाहेरच्या बाकावर बसवावें.